ओसाड म्हणून काढलेलं घर

आमची वहिनी लग्न होऊन या घरात आली तेव्हा तिला कॅमेरा धरताही येत नव्हता. ब्रश मात्र येत होता. माझ्या भावाचा मुख्य रस्त्यावर फोटो स्टुडिओ होता: पुढे काउंटर, मध्ये रंगवलेल्या तळ्याचा पडदा आणि एक स्टूल, मागे लाल दिव्याची खोली. भाऊ फोटो काढायचा आणि वहिनी निगेटिव्हवर काम करायची. दिवसभर भिंगाखाली मान घालून बारीक ब्रशने लोकांच्या तोंडावरचे डाग, मुरूम, डोळ्यांखालची काळी वर्तुळं घालवायची. गावातल्या कितीतरी बायांचं वय तिने वर्षानुवर्षं एका जागी धरून ठेवलं होतं. त्या बाया रस्त्यात भेटल्या की तिच्याशी फार गोड बोलायच्या.

मी तिची नणंद. पोस्टाच्या काउंटरवर नोकरी केली, लग्न केलं नाही, त्यामुळे नणंदपणाची नेमणूक कायमची. ती मला वन्सं म्हणते, अहोजाहो करते. मी सरळ अगंतुगं. काउंटरवर ओरडून ओरडून माझा आवाज असा झालाय की मी प्रेमाने बोलले तरी शेजारी खिडक्या उघडतात. वहिनीचा आवाज चढलेला मी कधी ऐकला नव्हता. ती ऐकून घेते, मान हलवते आणि मग तिला हवं तेच करते. असल्या माणसाशी भांडण्यात काही राम नसतो, तरी मी सोडलं नाही.

भाऊ गेला, आणि त्याच सुमारास लोक मोबाईलवर फोटो काढायला लागले. स्टुडिओत उरलं ते ओळखपत्रांचं काम आणि झेरॉक्स. नातेवाईक म्हणाले, दुकान काढून टाका, दोघी बायका आहात, आरामात राहा. वहिनीने मान हलवली. मग माळ्यावरून भावाचा जुना कॅमेरा उतरवला, पुसला, आणि दर सोमवारी दुकान बंद असतं तेव्हा स्कूटरला कॅमेऱ्याचा स्टँड बांधून शेतांकडे जायला लागली. मी विचारलं, या वयात हे काय नवीन खूळ? तेव्हा म्हणाली, "वन्सं, इतकी वर्षं मी डाग पुसले. आता मला ते बघायचेत."

आणि बघितले तिने, अगदी मनसोक्त. कापणीला वाकलेल्या माणसांच्या पाठी, गाईने मान घासून घासून गुळगुळीत केलेला गोठ्यातला खांब, विहिरीच्या काठाला दोराने पडलेल्या खाचा. शेतकरी सुरुवातीला हसायचे. आमच्या शेणात काय बघायचंय तुम्हाला, म्हणायचे आणि केस विंचरून, चांगला शर्ट घालून समोर ताठ उभे राहायचे. वहिनी तोही फोटो काढायची, त्यांना आणून द्यायची. ते कंटाळून आपल्या कामाला लागले की मग तिला हवा तो काढायची. एकदा मी हौसेने सोबत गेले. एका म्हशीने मान वळवावी म्हणून ही बाई भर उन्हात उभी, हलायला तयार नाही. म्हटलं, थांब, मी हाक मारते. मारली. म्हैस दावं तोडून पळाली. त्यानंतर मला सोबत नेणं बंद झालं.

तिचं नाव झालं ते मात्र ओसाड जागांमुळे. बंद पडलेली सूतगिरणी, छप्पर उडालेली शाळा, रूळ उखडून नेलेल्या फाटकावरची चौकी. अशा ठिकाणी तिचा एकच दंडक होता: चौकटीत माणूस नको आणि माणसाची ताजी खूणही नको. माणूस दिसला की बघणारा त्याच्याकडेच बघतो आणि भिंत राहून जाते, असं तिचं म्हणणं. कुणी टाकलेली बाटली ती उचलून बाजूला ठेवायची, भिंतीला टेकवलेली सायकल हलवायची, आणि सगळं निर्मनुष्य झालं की मग बटण दाबायची. ब्रश सुटला होता, हाताची सवय सुटली नव्हती. हे मला तेव्हा सुचलं नाही. सुचलं असतं तर मी बोलले असतेच.

वाचनालयात तिच्या फोटोंचं प्रदर्शन भरलं. मधोमध, सगळ्यात मोठा, टेकडीवरच्या एका घराचा फोटो होता. दगडी भिंत, अर्धवट उघडं काळं दार, कौलांतून वर आलेलं गवत, अंगणात दोन खांबांना बांधलेली रिकामी दोरी. खाली एकच शब्द: ओसाड. लोक त्याच्यासमोर जोडे काढल्यासारखे गप्प उभे राहायचे. पुढे त्या फोटोला राजधानीत बक्षीस मिळालं, पालिकेने सत्कार केला, कॅलेंडरवर छापला. मी सत्काराला पहिल्या रांगेत बसले होते आणि शेजारच्या बाईला न विचारता सांगत होते की ही माझी वहिनी.

मग एका दुपारी दुकानात एक बाई आली. पन्नाशीची, उन्हाने रापलेली, नखांत माती. तिला ओळखपत्राचा फोटो हवा होता. हरकतीच्या अर्जाला लागतो म्हणाली. जन्मात कधी फोटो काढला नव्हता तिने. वहिनी तिला बघून आधी खूश झाली, कारण ती टेकडीवरची बाई होती, ओळखीची. तिला स्टुलावर बसवलं, हनुवटी वर घ्यायला सांगितली. बाईने मांडीवरचा कागद उलगडला आणि वहिनीपुढे धरला.

ती नोटीस होती. टेकडीवरची वस्ती ओसाड असल्यामुळे ती सगळी जमीन दगडखाणीला द्यायचं ठरत होतं. कुणाची हरकत असेल तर सुनावणीला यावं. आणि वस्ती ओसाड आहे हे दाखवायला खाणवाल्यांनी सोबत फोटो जोडला होता. आमच्या वहिनीचा, बक्षीसवाला.

"हे माझंच घर," टेकडीवाली म्हणाली. "फोटो झकास काढलाय तुम्ही. मीच तेवढी त्यात नाही."

तिच्या बोलण्यात राग नव्हता, हेच वाईट. वहिनीने कसाबसा फोटो काढला आणि दुकान लवकर बंद केलं. घरी आल्यावर तिने मला सगळं सांगितलं. टेकडीवरची बाकीची घरं रिकामी झाली होती, लोक कामधंद्याला खाली गावात उतरले होते. ही एकटी राहिली होती. मका लावायची, कांदा लावायची, दोन गाई होत्या, दूध गावात घालायची. वहिनी फोटो काढायला गेली तेव्हा तिनेच मदत केली. दोरीवरचं धुणं काढलं, कोंबड्या टोपलीखाली झाकल्या, बादली-खराटा आत नेला, गाई मागच्या बाजूला बांधल्या. उन्हाची तिरीप भिंगावर येत होती म्हणून कॅमेऱ्याच्या मागे छत्री धरून उभी राहिली. काम झाल्यावर दोघी ओट्यावर बसून दूध प्यायल्या. ज्या घराला वहिनीने ओसाड म्हटलं, त्या घराची मालकीण तिच्यापासून हातभर अंतरावर उभी होती.

त्या संध्याकाळी मी वहिनीला फाडून खाल्लं. म्हटलं, तोंडावरचा तीळ पुसावा तशी तू जिवंत बाई पुसलीस. शब्द सुचायला आता कुठे सुरुवात झाली होती, तोच बघते तर तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ती मान हलवत होती. तेव्हा कुठे मी गप्प झाले आणि खाणवाल्यांना शिव्या द्यायला लागले. त्याने मला जरा बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी ग्रंथपाल आले. भला माणूस, वहिनीचं पहिलं प्रदर्शन त्यांनीच भरवलं होतं. त्यांना कुणकुण लागली होती. म्हणाले, सुनावणीत काही बोलू नका. घर काही तुम्ही बांधून उभं केलं नाही, होतं तसंच काढलंय. उगाच बोभाटा झाला तर बक्षीस परत मागतील, तुमचं नाव खराब होईल आणि गावाचंही. त्या बाईला काय, नुकसानभरपाई मिळेल, खाली चांगली खोली मिळेल. स्वतःच्या पायावर धोंडा कशाला पाडून घ्यायचा? वहिनीने सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली. ते समाधानाने निघून गेले. त्यांना तिच्या मान हलवण्याचा अर्थ ठाऊक नव्हता, मला होता.

सुनावणी सरकारी कचेरीच्या सभागृहात होती. वर एक साहेब, बाजूला खाणवाल्यांचा वकील, समोर आम्ही. वकिलाने फोटो मोठा करून पडद्यावर दाखवला आणि आमच्याच वहिनीची इतकी स्तुती केली की परक्याला वाटावं तिचा दुसरा सत्कार चाललाय. वहिनी उठली.

"हा फोटो माझा आहे," ती म्हणाली, "आणि तो खोटा आहे."

वकिलाने विचारलं, निगेटिव्हवर काही कलाकुसर केली का? नाही. दार तसंच होतं? होतं. कौलांत गवत होतं? होतं. मग खोटं काय आहे?

"खरं होतं ते माझ्या पाठीमागे उभं होतं. छत्री धरून. मीच त्याला तिथे उभं केलं."

सभागृहात काही लोक हसले. मी मागे वळून बघितलं, मग कुणी हसलं नाही. साहेब हसले नाहीत. त्यांनी फोटो बाजूला ठेवला आणि म्हणाले की फोटो खरा का खोटा हे मला ठरवायचं नाही, मला नियम बघायचाय. नियमाप्रमाणे ज्या वस्तीत रोज तीन वेगवेगळ्या चुली पेटतात ती वस्ती. त्याहून कमी असतील तर कागदोपत्री ती जागा ओसाड, मग तिथे एखादी बाई राहत असली तरी. तिला मोबदला देऊन हलवता येतं. पुढच्या महिन्यात मी स्वतः येऊन पाहणी करीन. टेकडीवालीने उठून विचारलं, "आणि मला हलायचं नसेल तर?" साहेबांनी पुन्हा सांगितलं, तीन चुली.

बक्षीस गेलंच. वर्तमानपत्राने वहिनीला फसवी म्हटलं. कॅलेंडरचं ते पान लोकांनी भिंतीवरून फाडलं की नाही मला माहीत नाही, पण सत्काराला टाळ्या वाजवणारे रस्ता ओलांडून पलीकडून जायला लागले. वहिनी घरी आली, कपडे पिशवीत भरायला लागली आणि म्हणाली, मी टेकडीवर राहायला जाते. मी हसले. ती भरत राहिली. टेकडीवालीच्या शेजारचं घर ज्याचं होतं तो गावात सायकली दुरुस्त करायचा. त्याने किल्ली आनंदाने दिली, आतल्या वाळवीसकट घ्या म्हणाला. वहिनीने छपराला पत्रे नेले, एक कॉट नेली, स्टोव्ह नेला, कॅमेरा नेला. चार दिवसांत परत येईल, अशी मी सगळ्यांना खात्री देत होते.

ती आली नाही. सकाळी दुकान मी उघडायचे. ओळखपत्रांचे फोटो काढायला शिकले. माझ्या फोटोंत लोकांची कपाळं कापली जायची. घरी आले की बोलायला कुणी नाही. मी बोलायचे ते भिंतीला, आणि भिंत मानसुद्धा हलवत नाही. सरळ सांगायचं तर मला तिच्याशिवाय करमत नव्हतं. पण जाऊन भेटायचं म्हणजे माघार घेतल्यासारखं, म्हणून गेले नाही. टेकडीवाली दूध घालायला खाली यायची, तिला आडून आडून विचारायचे. वहिनी आता कांदा काढायला मदत करते, पहाटे गाई सोडते, फोटोही काढते. कुणाचे? टेकडीवाली हसून म्हणाली, माझेच, दिसेल तेव्हा माझेच, मी वैतागलेय.

चुली दोन झाल्या होत्या. तिसरी टेकडीवालीच्या दिराची व्हायची होती. तो गावातून परत वर यायला कबूल झाला होता. पाहणीच्या आदल्या दिवशी टेकडीवाली दूध ओतताना म्हणाली की खाणवाल्यांनी त्याला मुकादम करतो म्हणून सांगितलंय, आता तो येत नाही. पातेल्यात दूध ओतलं, झाकण लावलं, आणि निघाली. तिची पाठ बघून मला जे झालं ते सांगता येत नाही. संताप म्हणा.

पाहणीच्या दिवशी सकाळी मी दुकानाला कुलूप लावलं आणि टेकडी चढले. काय ठरवून निघाले होते ते विचारू नका. पण हातात स्टोव्ह आणि पातेलं घेऊन कुणी हवा खायला जात नाही. वहिनी गोठ्यापाशी होती. रोडावली होती, काळवंडली होती. मला बघून काही बोलायला लागली, मी म्हटलं, बोलणं नंतर, रिकामं घर दाखव. टेकडीवालीच्या चुलतसासूचं घर होतं, किल्ली तिच्याचकडे. एका कोपऱ्यात भिंत खचलेली, आत पानांचा ढीग. मी झाडलं, स्टोव्ह पेटवला आणि भात टाकला.

साहेब आले, वकील आला. साहेबांनी टेकडीवालीच्या चुलीतल्या राखेवर हात धरून बघितला. वहिनीकडे दूध तापत होतं. मग ते माझ्या दारात आले. मी पातेल्यावरचं झाकण काढून दाखवलं. भात जरा लागला होता, पण भातच होता. साहेब म्हणाले, तीन. वकील पुढे झाला.

"साहेब, या दोघी नणंद-भावजय आहेत. एकाच घरात राहतात, एकाच ताटात जेवतात, अख्ख्या गावाला माहितीये. ही एकच चूल धरा. दोनच होतात."

साहेबांनी मला विचारलं, खरं आहे का? एकत्र कुटुंब असेल तर मला एकच धरावी लागेल.

टेकडीवाली हातातला विळा घेऊन तशीच उभी राहिली. तिचं घर, तिचा मका, तिच्या गाई, सगळं आता मी काय बोलते त्यावर होतं. वहिनी माझ्याकडे बघत होती. आणि मी तोंड उघडलं.

"एकत्र? हिच्याबरोबर? साहेब, हिचे फिल्मचे रोल फ्रिजमध्ये आणि माझं दूध बाहेर नासतंय. न्हाणीघरात हिच्या निगेटिव्हच्या पट्ट्या वाळत घातलेल्या, मी अंघोळ कुठे करायची? माझी नवीकोरी पांढरी चादर हिने उजेड पाडायला म्हणून गोठ्यात टांगली, गाईने चावली. ताप आला तर सांगत नाही. पहाटे उठून न सांगता जाते, आणि स्कूटरचा आवाज येईपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसतो. तीस वर्षं सोसलं. आता एका छपराखाली राहणं नाही. आमची चूल वेगळी झालीये. लिहा."

यातला एक शब्दही खोटा नव्हता. तिच्याशिवाय त्या घरात एक दिवस मला धड काढता आला नव्हता, ते साहेबांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

साहेब वहिनीकडे वळले. तुम्हाला काय म्हणायचंय? वहिनीने माझ्याकडे बघितलं आणि आयुष्यात पहिल्यांदा, अख्ख्या टेकडीला ऐकू जाईल असा आवाज काढला.

"ही बाई माझ्या चुलीजवळ फिरकली तर बघा."

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. मग त्यांनी तीन लिहिलं आणि खाली सही केली. वकील म्हणाला, आम्ही वर अपील करू. टेकडीवाली म्हणाली, करा, वर चढायची सवय आम्हाला आहे, तुम्हाला होईल. ती लगेच कांद्याच्या वाफ्याकडे निघूनही गेली, तिला वेळ नव्हता. अपील झालंय, त्याची तारीख पडायचीये. मी तेव्हापासून वरच राहते, दुकानापुरती खाली उतरते. खाणवाल्यांची माणसं मधूनच येऊन धूर मोजून जातात. मोजू देत.

त्या दिवशी ते सगळे उतरून गेल्यावर वहिनी माझ्या उंबऱ्यावर येऊन बसली. आत वाकून पातेल्यात बघितलं. मग तिच्या नेहमीच्या आवाजात म्हणाली, वन्सं, हे सगळं तुम्ही इतकी वर्षं मनात ठेवलं होतंत?

"मनात कसलं, रोज बोलत होते. तू ऐकलंस कुठे?"

ती हसली, डोळे पुसले, उठली. "चला, माझ्याकडे जेवायला. तुमचा भात लागलाय."

"चूल वेगळी झालीये," मी म्हटलं. "जेवायचं तर तू इकडे ये."